साडेसोळा अंशांवर

"सोळा," वनपालबाई सांगतात आणि थर्मामीटर पुन्हा खुंटाच्या सावलीतल्या अंगाला अडकवतात. मे महिना सरत आलाय, सकाळचे दहा वाजून गेलेत, आणि आम्ही तिघं जर्मनीतल्या हार्झ डोंगरात, टोर्फहाऊसच्या खालच्या अंगाला, जंगलातल्या खडीच्या वाटेवर उभे आहोत. हवा आणखी अर्धा अंश तापायची वाट बघतोय. साडेसोळा अंश झाले की तो उडतो. त्याच्या आत सहसा नाही.

तो म्हणजे इप्स टायपोग्राफस. लिनियसने 1758 साली त्याचं बारसं केलं. जर्मन माणसं त्याला बुकड्रुकर, म्हणजे छापखानेवाला म्हणतात. लांबीला साडेचार-पाच मिलिमीटर, अंगाने दंडगोल, रंगाने काळपट तपकिरी, चकचकीत. जवळजवळ सगळं आयुष्य स्प्रूस झाडाच्या सालीखाली काढणारा हा भुंगेरा उजेडात येतो तो मुख्यतः बिऱ्हाड बदलायला. आम्ही आलोय ते त्याचं बिऱ्हाड बघायला.

माझ्याबरोबर ग्योटिंगेनच्या विद्यापीठात वनशास्त्र शिकणारा सांगोल्याकडचा एक मुलगा आहे. मला ताई म्हणतो, आणि जर्मन माझ्यापेक्षा बरं बोलतो, त्यामुळे वनपालबाईंचं हार्झकडचं तुटक बोलणं मला त्याच्याच तोंडून कळतंय. बाई पन्नाशीच्या पुढच्या. कमरेला कुऱ्हाड, खिशात भिंग, हातात केशरी रंगाचा फवारा. या रंगाचं काम पुढे येईल.

वाटेच्या खाली हिरवं जंगल आहे, वर करडं. वरच्या बाजूला चढ थेट ब्रॉकनकडे जातो. 1141 मीटर उंचीचं हे शिखर आज स्वच्छ दिसतंय. त्या चढावर हजारो खोडं उभी आहेत, सोललेली, रुपेरी, फांद्यांचे खराटे झालेली. पहिल्यांदा पाहणाऱ्याला इथून वणवा गेला असं वाटेल. पण काजळी कुठेच नाही. या उतारावरची झाडं सालीखालच्या अळ्यांनी मारली आहेत.

बाई खालच्या बाजूच्या झाडीत शिरतात आणि दर झाडाच्या बुंध्याशी वाकतात. आधी मला वाटतं त्या काही हरवलेलं शोधतायत. मग एका झाडापाशी थांबतात, बोटाने बोलावतात. सालीच्या खवल्यांच्या खोबणीत, बुंध्याशी वाढलेल्या शेवाळावर आणि दोन मुळांमध्ये कोळ्याने विणलेल्या जाळ्यावर बारीक भुसा पडलाय, तपकिरीसारखा. चिमटीत घेतला तर बोटाला रंग लागत नाही, ओल लागते. हा भुसा सालीचा आहे. लाकडाचा असता तर पांढरा दिसला असता.

"पाऊस पडला की हा पुरावा गेला," बाई म्हणतात. "म्हणून मी पाऊस थांबून दोन-तीन कोरडे दिवस गेले की येते."

मुलगा मान वर करतो. तीसेक मीटर उंच झाड आहे. टोकापर्यंत हिरवंगार, फांद्यांच्या टोकांना यंदाची कोवळी पोपटी पालवी. "झाड तर ठणठणीत दिसतंय की ओ," तो मला म्हणतो आणि तेच बाईंना जर्मनमध्ये विचारतो.

"सहा आठवड्यांनी या. तेव्हा सुया लाल झालेल्या असतील. आणि तेव्हा सालीखाली कुणीही नसेल."

या एका वाक्यात त्यांच्या नोकरीची सगळी अडचण आहे. झाड लाल दिसायला लागतं तोवर पुढची पिढी उडून शेजारच्या झाडांत शिरलेली असते. लाल झाड तोडून काहीच साधत नाही. तोडायचं ते हिरवं झाड, तेही शेकडो हिरव्या झाडांतून नेमकं ओळखून. काही ठिकाणी यासाठी वास काढणारे कुत्रे शिकवून तयार केले आहेत. बाईंकडे कुत्रा नाही, गुडघे आहेत, आणि ते दुखतात असं त्या हसून सांगतात.

कुऱ्हाडीचे चार घाव बसतात आणि तळहाताएवढ्या रुंदीची सालीची पट्टी खाली येते. बाई ती उलटी करून माझ्या हातात देतात. ओली, गार, आतून दुधी रंगाची, आणि राळेच्या वासाबरोबर थोडा आंबूस वास. इथेच, बाहेरची साल आणि लाकूड यांच्यामधल्या या काही मिलिमीटरांत, पानांत तयार झालेली साखर खाली मुळांकडे उतरते. भुंगेऱ्याला लाकडाशी कर्तव्य नाही. त्याला ही अंतर्साल हवी.

पट्टीच्या मध्यावर एक छोटी खोली कोरलेली दिसते. ही नराने केलेली. स्प्रूसवर पहिला नर उतरतो, खवल्याखाली भोक पाडतो, आत ही खोली कोरतो आणि मग माद्या येतात. एक येते, दोन येतात, कधी तीनही. या खोलीतून दोन बोगदे निघालेत, एक सरळ वर, एक सरळ खाली, खोडाच्या उभ्या धाग्याला धरून. प्रत्येक बोगदा एकेका मादीचा. तिसरी आली असती तर तिने त्यांतल्याच एका दिशेला, जोडीने, आपला वेगळा बोगदा काढला असता. बोगद्यांची लांबी माझ्या मधल्या बोटापेक्षा थोडी जास्त, रुंदी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी, आणि आत भुशाचा कण नाही. मादी कोरते आणि भुसा मागे ढकलते, नर तो दारातून बाहेर टाकतो. मघाशी बुंध्याशी पाहिला तो हाच.

नराच्या पाठीचं टोक भिंगाखाली धरल्यावर कळतं की त्याला हे काम कसं जमतं. पंखांची कवचं मागच्या बाजूला तिरपी कापल्यासारखी उतरतात, तिथे खोलगट भाग आहे, आणि त्याच्या दोन्ही काठांवर चार-चार दात. वरून तिसरा सगळ्यांत मोठा. या खोलगटात भुसा भरतो आणि उलट्या पावली चालत जातो. दात मोजूनच जाणकार त्याला ओळखतात. स्प्रूसवर राहणारा त्याचा धाकटा भाऊबंद, पिटिओजेनेस चाल्कोग्राफस, दोनच मिलिमीटरचा असतो आणि त्याचे बोगदे खोलीपासून चहूबाजूंना फुटतात. तो जास्त करून पातळ सालीवर, शेंड्याकडे आणि फांद्यांत सापडतो. दोघं मिळून एकाच झाडाची वाटणी करून घेतात: खोड थोरल्याला, शेंडा धाकट्याला.

"अंडी कुठायत?" मी विचारते.

बाई कुऱ्हाडीच्या टोकाने दाखवतात. बोगद्याच्या दोन्ही भिंतींत ठरावीक अंतरावर छोटे कोनाडे आहेत. एकेका कोनाड्यात एकेक अंडं, मिलिमीटरभर लांब, पांढरं, वरून भुशाने लिंपलेलं. पण हे फक्त बोगद्याच्या टोकाकडे. खोलीजवळचे कोनाडे रिकामे आहेत, कारण तिथली अंडी आधी घातलेली, आधी उबलेली. तिथून आडव्या नळ्या सुरू होतात, डावीकडे आणि उजवीकडे, जवळजवळ काटकोनात. प्रत्येक नळी सुरुवातीला रेघेइतकी बारीक आणि पुढे पुढे रुंद, कारण खाणारी अळी खाता खाता वाढतेय. आईचे बोगदे स्वच्छ असतात. पोरांच्या नळ्या त्यांच्याच विष्ठेने आणि भुशाने ठासून भरलेल्या. सगळ्यांत लांब नळीच्या टोकाला अळी दिसते: पांढरी, वाकडी, बिनपायांची, डोक्याला तपकिरी टोपण. उजेड लागताच ती अंग आक्रसून घेते.

म्हणजे या एका हाताएवढ्या पट्टीवर तीनेक आठवड्यांचं कॅलेंडर उमटलेलं आहे. मधे जुन्या तारखा, टोकाला आजची. आणि आजच्या तारखेपाशी मादी अजून आहे. वरच्या बोगद्याच्या शेवटी ती तोंड भिंतीत घालून कोरत होती, आता बाहेरच्या हवेने गोंधळून मागे सरकतेय.

ही इथेच थांबणार नाही, असं बाई सांगतात. अंडी घालून झाली की बऱ्याच माद्या बाहेर पडतात, थोडं खाऊन ताकद भरून काढतात आणि दुसऱ्या झाडात जाऊन पुन्हा अंडी घालतात. त्यांना पुन्हा नराची गरज लागतेच असं नाही. त्यामुळे उन्हाळ्यात आजीची आणि आईची पोरं एकाच वेळी सालीखाली वाढत असतात, आणि 'यंदा किती पिढ्या झाल्या' हे मोजणाऱ्यांची दमछाक होते. अंड्यापासून नवा भुंगेरा व्हायला साधारण सहा ते दहा आठवडे. थंड डोंगरावर वर्षाला एक पिढी, खाली ऊब असलेल्या जागी दोन, आणि फार उष्ण वर्ष असेल तर सखल भागात तीनसुद्धा. ऑगस्टमध्ये दिवस लहान व्हायला लागले की अंडी घालणं थांबतं. प्रौढ भुंगेरे सालीखाली किंवा जमिनीवरच्या पाचोळ्यात हिवाळा काढतात. कडक थंडीत अळ्या आणि कोष मरतात, प्रौढ बहुतेक तगतात. 'थंडी पडली की मरेल मेला' असं इथले शेतकरी म्हणत असतील, पण ते तितकंसं खरं नाही.

थर्मामीटर सतरावर गेलाय. ढग सरकून ऊन पडलंय आणि मुलगा एकदम "ताई, ताई" करून माझी बाही ओढतो. शेजारच्या झाडावर, छातीच्या उंचीला, एक भुंगेरा येऊन आदळलाय. आदळलाय हाच शब्द बरोबर. उतरण्यात काही डौल नाही. पंख आत घेता घेता तो खवल्यावरून घसरतो, पुन्हा चढतो, खवल्याच्या कडेखाली डोकं घालतो, बाहेर काढतो, पुढच्या खवल्याकडे जातो.

हे झाड अजून कुणाचं नाही. अंगावर राळेचे थेंब आहेत, आणि एका घट्ट झालेल्या पिवळसर थेंबात त्याच्यासारखाच एकजण अडकून मेलेला दिसतो. निरोगी स्प्रूसला छिद्र पाडलं की तो राळ सोडतो आणि घुसणाऱ्याला बुडवतो. एकट्यादुकट्याचं इथे काही चालत नाही. या कीटकाची सगळी करामत गर्दी जमवण्यात आहे.

ती गर्दी जमते झाडाच्याच मालावर. राळेतलं अल्फा-पायनीन हे द्रव्य भुंगेऱ्याला खरं तर विषारी. तो ते पचवताना त्याचं सिस-व्हर्बेनॉल करतो, त्यात स्वतःच्या शरीरात बनवलेलं मिथाइलब्युटेनॉल मिसळतं, आणि हा मिश्र वास विष्ठेबरोबर दारातून बाहेर पडतो. वाऱ्यावर तो ज्यांना लागतो ते नर-माद्या सगळे त्या झाडाकडे वळतात. जितके जास्त शिरतील तितका वास जास्त, आणि राळ तितकी वाटली जाणार. एका टप्प्यावर झाड हरतं. मग वास बदलतो. सालीखाली दाटी झाली की व्हर्बेनोन नावाचं द्रव्य वाढतं आणि उशिरा येणाऱ्यांना ते सांगतं की इथे जागा संपली. ते परत जात नाहीत, शेजारच्या झाडावर उतरतात. म्हणून मेलेली झाडं जंगलभर विखुरलेली दिसत नाहीत, झुबक्याने दिसतात, आणि झुबका कडेने वाढत जातो.

भुंगेऱ्यासोबत बुरशीही येते. त्याच्या अंगाला चिकटलेले बीजाणू बोगद्यात रुजतात, तंतू लाकडात शिरतात आणि पाणी वर नेणारा भाग बंद पाडतात. बाई कुऱ्हाडीने मघाच्या झाडाचा एक ढलपा काढतात, तेव्हा लाकडात निळसर करडा डाग दिसतो. या निळ्या डागाने लाकडाची ताकद फारशी कमी होत नाही. भाव मात्र उतरतो, कारण गिऱ्हाईकाला पांढरं लाकूड हवं असतं.

"हे आमच्याकडं पण आहे की ओ ताई," मुलगा म्हणतो. "डाळिंबात. शॉट होल बोरर."

त्याचं म्हणणं खरं आहे. सोलापूर, सांगोला, नाशिककडे डाळिंबाच्या खोडाला टाचणीएवढी भोकं पाडणारा तो भुंगेरा याच्याच नात्यातला. पण घराण्याचा धंदा वेगळा. तो सालीत न थांबता लाकडात शिरतो, आणि लाकूड खात नाही. बोगद्यात बुरशीची शेती करतो आणि ती खातो. मर रोगाने किंवा पाण्याच्या ताणाने आधीच कमजोर झालेलं झाड त्याला लवकर सापडतं. "आमचे वडील खोडाला गेरूचा लेप देतात," मुलगा बाईंना सांगायला बघतो आणि गेरूला जर्मन शब्द न सुचल्याने खालची माती दाखवायला जातो. हार्झची माती काळी आहे. दोघंही हसतात.

तेवढ्यात मघाच्या झाडावर आणखी एक पाहुणा आलाय. मुंगीएवढा, मुंगीसारखाच धावणारा, पुढे काळा, मधे लाल, मागे काळ्यावर पांढरे पट्टे. थॅनासिमस. हाही भुंगेराच, पण शिकारी. खवल्यांतून आडवातिडवा धावत तो घसरणाऱ्या छापखानेवाल्याला गाठतो, पुढच्या पायांत धरतो, मान आणि छातीच्या मधल्या सांध्यात जबडा घालतो. सगळं मिनिटाच्या आत उरकतं. कवचाचे तुकडे खाली पडतात. बाई हे रोज बघत असणार, तरी त्याही वाकून बघतात.

याची हुशारी अशी की भुंगेरे एकमेकांना बोलावण्यासाठी सोडतात तोच वास हुंगत हा येतो. पुढे त्याच्या अळ्या सालीखाली शिरून भुंगेऱ्याच्या अळ्या खातात. सुतारपक्षी साल उडवून खातात, बारीक परजीवी गांधीलमाश्या सालीवरूनच अंडी घालायची नळी टोचून अळ्यांवर अंडी घालतात. शत्रू कमी नाहीत. पण त्यांची संख्या वाढायला वेळ लागतो, आणि भुंगेऱ्याला एका उन्हाळ्यात दोन पिढ्या मिळाल्या की ते मागे पडतात.

आम्ही सापळ्याकडे जातो. मोकळ्या जागेत, जिवंत स्प्रूसपासून लांब, दोन खांबांवर काळी प्लास्टिकची चपटी पेटी, तिला आडव्या फटी, आत वासाची कुपी. आपल्याकडे कपाशीत बोंडअळीचे कामगंध सापळे लावतात, तत्त्व तेच. फरक एवढा की बोंडअळीच्या सापळ्यात नर पतंग सापडतात आणि यात नर-मादी दोन्ही. बाई खालचा खण ओढून मोजपात्रात ओततात. मोजण्याची रीत घाऊक आहे: एका मिलिलिटरला सुमारे 40 भुंगेरे. ओतण्याआधी त्या बोटाने ढीग चाळतात, त्यातून एक थॅनासिमस वेगळा करतात आणि गवतावर सोडतात.

"याने जंगल वाचतं?" मी विचारते.

"नाही. याने मला कळतं की किती उडतायत."

नॉर्वेत 1979-80 साली लाखो सापळे लावून अब्जावधी भुंगेरे पकडले होते. तेव्हापासून सापळ्यांच्या मर्यादेवर वनखात्यांत वाद चालूच आहेत. बाईंचा पक्ष स्पष्ट आहे. सापळा हा त्यांच्यासाठी नुसता मोजणीदार.

आता उतारावर माझं लक्ष झाडांच्या रांगांकडे जातं. आतापर्यंत दिसल्या नव्हत्या, कारण आम्ही त्यांच्यामधून चालत होतो. बाजूने पाहिल्यावर कळतं की ही झाडं एका वयाची, एका जाडीची आणि सरळ ओळींत आहेत. हार्झमध्ये स्प्रूस मुळचा साधारण 800 मीटरच्या वरचा. खाली बीचचं राज्य होतं. पण या डोंगराच्या पोटात चांदी, शिसं, तांबं. खाणीत टेकू द्यायला लाकूड लागे, धातू वितळवायला कोळसा लागे, त्यात पानझडी जंगल गेलं. त्या जागी भरभर आणि सरळ वाढणारा स्प्रूस लावला गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी युद्धभरपाई म्हणून इथे तोड केली आणि उघड्या उतारांवर पुन्हा स्प्रूसच लागला. भुंगेऱ्याची साथही काही नवी नाही. 1787 साली ग्योटिंगेनचे प्राध्यापक योहान फ्रीडरिश ग्मेलिन यांनी हार्झच्या या रोगावर आख्खा ग्रंथ लिहिला. तेव्हाही इथली जंगलं अशीच वाळली होती.

या खेपेची सुरुवात जानेवारी 2018 मधल्या फ्रीडेरिके वादळाने झाली. झाडं आडवी झाली. पडलेलं झाड राळ सोडू शकत नाही, म्हणजे भुंगेऱ्याला बिनविरोध घर. त्याच वर्षी उन्हाळा कोरडा गेला, 2019 कोरडं, 2020 कोरडं. स्प्रूसची मुळं उथळ पसरतात, वरचा थर सुकला की झाडाला राळेचा दाब धरता येत नाही. जर्मनीच्या अवकाश संस्थेने उपग्रहचित्रांवरून केलेल्या मोजणीत जानेवारी 2018 ते एप्रिल 2021 या काळात देशभरात सुमारे 5 लाख हेक्टर जंगलाचं छत्र गेलं. त्यात मोठा वाटा स्प्रूसचा.

माझं मत विचाराल तर भुंगेऱ्याला गुन्हेगार ठरवण्यात फार सोय आहे, कारण त्याचा जबाब कुणी घेत नाही. एरवी तो वाऱ्याने पडलेलं, वीज पडलेलं, म्हातारं झाड शोधतो आणि त्याचा निकाल लावतो. जंगलाला असा कुणीतरी लागतोच. तहानलेल्या, एकाच वयाच्या स्प्रूसचे मैलोन् मैल त्याने मागितले नव्हते. अर्थात उंचावरचा, मुळचा स्प्रूसही या दुष्काळात मेला, आणि तिथे रांगांना दोष देता येत नाही. तिथे दोष तापमानाचा आहे.

वाटेच्या वरचा करडा भाग हार्झ राष्ट्रीय उद्यानाचा. 1990 आणि 1994 साली दोन राज्यांनी दोन उद्यानं केली, 2006 मध्ये ती एक झाली. आतल्या भागात भुंगेऱ्याला हात लावायचा नाही असा नियम. फक्त हद्दीलगतच्या 500 मीटरच्या पट्ट्यात, शेजारच्या मालकांची जंगलं वाचावीत म्हणून, लागण झालेली झाडं काढतात. बव्हेरियाच्या राष्ट्रीय उद्यानात हा प्रश्न आधी आला होता. 1983 च्या वादळात पडलेली झाडं तिथे तशीच ठेवायचा निर्णय मंत्री हान्स आयझेनमान यांनी घेतला आणि पुढे कित्येक वर्षं त्या निर्णयाला लोकांनी शिव्या घातल्या. इथेही प्रवासी रोज विचारतात की हे साफ का करत नाही. बाई उद्यानाच्या नोकर नाहीत, त्यांचं जंगल हद्दीबाहेरचं, आणि त्यांच्याच झाडांत वरून भुंगेरे उतरतात. तरी त्या करड्या खोडांखाली बोट दाखवतात. तिथे रोवन आहे, बर्च आहे, आणि पडलेल्या ओंडक्यांवर गुडघाभर स्प्रूस, कुणी न लावलेला. "माझ्याकडे मला मॅपल, बीच, लार्च विकत आणून लावावे लागतायत. कुंपण घालून. हरणं खातात," त्या म्हणतात. यात हेवा किती आणि तक्रार किती, हे मला ओळखता येत नाही.

परतताना त्या मघाच्या झाडाभोवती केशरी रंगाचं कडं मारतात. शेजारच्या दोन झाडांनाही, तिथे भुसा सापडला म्हणून. उद्या यंत्र येईल आणि ही तीन हिरवी झाडं पाडली जातील. मग साल सोलली जाईल किंवा ओंडके जंगलापासून लांब नेऊन ठेवले जातील. नुसतं तोडून इथेच टाकलं तर अळ्या आडव्या ओंडक्यातही वाढून पंख फुटेपर्यंत सालीखाली निवांत राहतात.

खाली रस्त्यालगत जुन्या ओंडक्यांची लांबच लांब थप्पी आहे. कापलेल्या तोंडांवर निळा डाग. "ही लाकडं कुठं जातात?" मुलगा विचारतो. बाई सांगतात, काही घरबांधणीला, पुष्कळशी खोक्यांना आणि पॅलेटला. दुष्काळाच्या वर्षांत तर कंटेनर भरभरून चीनला गेली.

म्हणजे खोकी आणि पॅलेट होऊन त्यातलं काही न्हावा शेवालाही उतरत असणार. भुंगेऱ्याने लाकडाबरोबर समुद्र ओलांडू नये म्हणून 2002 पासून आंतरराष्ट्रीय नियम आहे. युरोपातून आलेलं लाकडी पॅलेट तुमच्या दुकानात किंवा गोदामात उतरणार असेल तर त्याच्या कडेला गव्हाच्या ओंबीचा शिक्का शोधा. शेजारी देशाची अक्षरं असतात, जर्मनीची 'डीई', आणि 'एचटी' लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर सलग 30 मिनिटं तापवलंय. सालीचा तुकडा चिकटून राहिला असेल तर तो 3 सेंटिमीटरपेक्षा अरुंद हवा, किंवा रुंद असला तरी 50 चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान. त्याहून मोठी साल दिसली, किंवा शिक्काच नसेल, तर ते पॅलेट उतरवून घेऊ नका.